काटा खाली आला आणि इंजिन जळाले



या वेळी आलेल्या पत्रांत एक पत्र असे आहे की त्याचे उत्तर एकट्या पत्रलेखकाला न देता सर्वांनाच द्यावेसे वाटले. पत्र मराठवाड्यात बालाघाटाच्या बाजूला राहणाऱ्या एका शेतकरी बंधूंचे आहे. त्यांच्या घरी जुनी घेतलेली डिझेल मोटार आहे. वैशाखातल्या एका रात्री सूनबाईंच्या पोटात दुखू लागले, म्हणून त्यांनी गाडी काढली. गाडीत सूनबाई, पत्रलेखकांच्या सौभाग्यवती, मुलगा आणि ते स्वतः. घाट चढताना पाण्याचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. 'आधी दवाखाना गाठू, मग बघू' असे म्हणून मुलाने गाडी तशीच दामटली. घाट संपला आणि काटा आपोआप खाली आला, अगदी तळाला टेकला. सगळ्यांना हायसे वाटले. त्यानंतर पाच-सहा किलोमीटर गेले नाहीत तोच इंजिन ठोकू लागले आणि एक आचका देऊन गाडी बंद पडली. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोवाल्याने माणुसकी दाखवली म्हणून सूनबाई वेळेवर पोचल्या. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण गाडीचे हेड वाकले, गॅस्केट जळाले, आणि तुरीचे आलेले पैसे इंजिनात गेले.

पत्राच्या शेवटी ते विचारतात : काटा तर खाली आला होता, मग इंजिन जळाले कसे? मिस्त्री म्हणतो सेन्सर खराब होता, म्हणून त्याने तो नवा बसवला. आता निर्धास्त राहावे काय?

निर्धास्त राहू नका, हे उत्तर आधीच देऊन टाकतो. का, ते आता सावकाश पाहू. आज खेडोपाडी दारात जीप, पिकअप किंवा छोटी मोटार आहे, आणि ट्रॅक्टर तर आहेच. हा प्रश्न त्या सर्वांचा आहे.

काटा नेमके काय सांगतो?

इंजिनात इंधन जळते, त्यातून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. त्यासाठी इंजिनाच्या पोटात पाणी खेळायला वाटा ठेवलेल्या असतात. आपल्या शेतातल्या पाण्यासारखीच ही व्यवस्था आहे. विहिरीवरच्या मोटरीचे काम इथे वॉटर पंप करतो. रबरी नळ्या म्हणजे पाट. रेडिएटरमध्ये पाणी बारीक नळ्यांत पसरते, वारा खाऊन निवते आणि पुन्हा इंजिनात येते. आणि थर्मोस्टॅट म्हणजे दारे धरणारा गडी. इंजिन गार असते तोवर तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर ऊबदार होते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सियसपर्यंत तापले की तो दार उघडू लागतो.

हे सगळे पाणी बंद वाटेत, दाबाखाली असते. रेडिएटरचे झाकण साधारण एक बारच्या आसपास दाब धरून ठेवते. उघड्या पातेल्यात १०० अंशांना उकळणारे पाणी या दाबाखाली १२० अंशांच्या सुमारास उकळते. घरातला कुकर ज्या नियमाने डाळ शिजवतो, तोच हा नियम. म्हणून झाकणाचा रबर सैल झाला तर गाडीत पाणी भरपूर असूनही ते लवकर उकळते, आणि लोक मात्र रेडिएटरला दोष देत बसतात.

आता सेन्सर. बोटाच्या पेराएवढी ही पितळी किंवा प्लॅस्टिकची वस्तू, तिचे टोक पाण्यात बुडालेले असते. आत असा पदार्थ असतो की तो तापला की विजेला होणारा त्याचा विरोध कमी होतो. अनेक गाड्यांत २० अंशांना हा विरोध दोन ते तीन हजार ओहम असतो, तर ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास येतो. त्या फरकावर काटा हलतो. काही जुन्या ट्रॅक्टरांवर वीज नसून तांब्याची बारीक नळीच काट्यापर्यंत गेलेली असते. ती नळी दुमडली किंवा तुटली की काटा मेला.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. काटा पाण्याचे तापमान सांगतो, लोखंडाचे नव्हे. पाणी आहे तोवर दोन्हींचा मेळ असतो. पाणीच गेले की सेन्सरचे टोक रिकाम्या जागेत, वाफेत लोंबकळते. वाफ आणि हवा पाण्यासारखी उष्णता देत नाहीत, म्हणून काटा पुष्कळदा खाली येतो. पत्रलेखकांच्या गाडीत घडले ते बहुधा हेच. घाटात पाणी उकळून किंवा नळी फुटून निघून गेले, सेन्सर उघडा पडला, आणि काट्याने तळ गाठला. ज्या क्षणी सर्वांना हायसे वाटले, त्याच क्षणापासून इंजिन कोरडे जळू लागले होते.

विहिरीवरची मोटर आवाज करते आहे पण पाटात पाणी नाही, असे झाले तर आपण धावत जातो. गाडीचा चढलेला काटा कारण नसताना झटकन उतरला तर तसेच धावले पाहिजे. घाट संपल्यावर काटा हळूहळू मध्यावर येणे ठीक. तळाला टेकणे ठीक नाही.

रस्त्यात काटा चढला तर

पहिले काम, एअर कंडिशनर चालू असेल तर बंद करा. दुसरे, गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण गरम करून पंखा मोठा लावा आणि काचा उघडा. उन्हाळ्यात हे ऐकून हसू येईल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची उष्णता ओढून बाहेर टाकतो. याच वेळी एक परीक्षाही होऊन जाते. काटा चढलेला आहे आणि हीटरमधून मात्र गार वारा येतो आहे, तर पाणी कमी झाले आहे किंवा ते फिरत नाही असे समजा, आणि गाडी ताबडतोब थांबवा.

काटा लाल रेघेला लागला, लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा गोडसर वास आला, तर मग विचार करू नका. रस्त्याच्या कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. 'आणखी दोन किलोमीटर' या शब्दांनी जितकी इंजिने गेली असतील तितकी दुसऱ्या कशाने गेली नसतील. गाडीत आजारी माणूस असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या वाहनाला हात करा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. चालती गाडी अर्ध्या वाटेत आडरानात बंद पडण्यापेक्षा, वस्तीजवळ आपण होऊन थांबणे केव्हाही बरे.

यानंतरची सूचना घरातल्या प्रत्येकाने, लहानांनीही, पाठ करावी. गरम गाडीच्या रेडिएटरचे किंवा पाण्याच्या टाकीचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी १०० अंशांच्या वर असते, केवळ दाबामुळे ते पाण्याच्या रूपात टिकलेले असते. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि ते उसळून तोंडावर येते. किमान अर्धा ते पाऊण तास थांबा. रेडिएटरच्या वरच्या जाड नळीजवळ आधी नुसता हात न्या. धग लागत नसेल तर हलके दाबून पाहा. नळी गार आणि मऊ लागली तरच झाकणावर जाड ओले पोते टाका, तोंड बाजूला ठेवा, एक आटा फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग पूर्ण उघडा.

बॉनेट उघडल्यावर लुगड्याचा पदर, उपरणे, ओढणी आवरून घ्या. अनेक गाड्यांत विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होतो. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये गार पाण्याची घागर ओतू नका. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावर तवा जसा तडकतो, तसे हेड तडकते. इंजिन निवू द्या, मगच हळूहळू पाणी घाला.

एवढे करूनही कोणी पोळलेच, तर पोळलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा आणि डॉक्टरांकडे न्या. तूप, हळद, दंतमंजन, शाई यांपैकी काही लावू नका.

काटा खरा की खोटा?

आता घरी आल्यावर, सकाळी गार गाडीवर करायच्या परीक्षा सांगतो. क्रम मोडू नका, कारण या क्रमातच पैसे वाचतात.

पहिली परीक्षा पाण्याची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे झाकण उघडून पाणी पाहा. बाजूच्या टाकीत खूण असते, ती पुरेशी नाही. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेही घडते, म्हणून ज्या गाडीत रेडिएटरला स्वतंत्र झाकण आहे तिथे तेही उघडून पाहा. पाणी कमी असेल तर सेन्सरचा विचार तिथेच सोडा आणि पाणी कुठे जाते ते शोधा.

दुसरी परीक्षा नुसत्या डोळ्यांची. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. रात्रभर गार पडलेल्या गाडीचा काटा तळाला हवा. गार गाडीतही तो लाल रेघेवर असेल तर तो खोटा बोलतो आहे, हे उघड आहे. मग इंजिन सुरू करून बघा. पाणी तापायला वेळ लागतो. काटा हळूहळू चढत मध्यावर येऊन थांबला तर ठीक. क्षणात उडी मारत असेल, दिवे लावताच हलत असेल, खड्ड्यात गाडी आदळली की नाचत असेल, तर दोष बहुधा तारेत, जोडात किंवा अर्थिंगमध्ये आहे. पाणी असे नाचत नाही. मात्र पाणी कमी असतानाही काटा उड्या मारतो, म्हणूनच पाण्याची परीक्षा आधी सांगितली.

तिसरी परीक्षा एका तारेच्या जुन्या सेन्सरची. इंजिन गार ठेवून चावी फिरवा आणि सेन्सरची तार काढा. काटा तळाला हवा. तार काढूनही तो वरच राहिला, तर ती तार वाटेत कुठेतरी सोलून लोखंडाला लागली आहे. उंदरांनी तारा कुरतडणे आपल्याकडे नवे नाही, कणग्यांच्या शेजारी गाडी उभी असेल तर आधी तेच तपासा. आता तारेचे टोक क्षणभरच इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. काटा वर सरकला तर काटा आणि तार दोन्ही शाबूत आहेत, संशय सेन्सरवर घ्या. काटा हललाच नाही तर सेन्सर निर्दोष असू शकतो. फ्यूज, तार किंवा काटाच बिघडला आहे.

ही तार टेकवण्याची परीक्षा दोन-तीन तारांच्या नव्या गाडीवर करू नका. तिथे सेन्सर काट्याला नव्हे तर गाडीतल्या संगणकाला खबर देतो, आणि चुकीची तार टेकवली तर महागडा डबा जळतो. अशा गाडीत सेन्सरची जोडणी सुटली तर संगणकाला उणे ४० अंशांसारखा अशक्य आकडा दिसतो, आणि सावधगिरी म्हणून अनेक गाड्या पंखा सतत चालू ठेवतात. गाडी सुरू करताच पंखा भरधाव सुटतो आहे, डिझेल किंवा पेट्रोल जास्त जाते आहे, सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते आहे, अशी लक्षणे असतील तर संशय सेन्सरवर घ्यायला हरकत नाही.

नव्या गाड्यांसाठी मिस्त्रीकडे स्कॅनर असतो. सुकाणूच्या खालच्या बाजूला त्याची जोडणी असते. मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा. एक, रात्रभर गार पडलेल्या गाडीत पाण्याचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान किती दाखवते? दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. हवा २५ अंश आणि पाणी ७० अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची तार बिघडली. दुसरे, दोषाचा क्रमांक कोणता? पी-०११७ म्हणजे सेन्सरच्या वाटेत तार टेकल्यासारखा दोष, पी-०११८ म्हणजे वाट तुटल्यासारखा दोष, पी-०१२८ म्हणजे पाणी हवे तेवढे तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकला. आणि पी-०२१७ म्हणजे इंजिन खरोखरच जास्त तापले. हे चार क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा. क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, ती नुसती तक्रार आहे, पण मिस्त्रीशी बोलताना तुम्ही अडाणी ठरणार नाही.

आणि सेन्सर सुटा काढलाच असेल तर त्याची शेवटची परीक्षा घरी होते. पातेल्यात गार पाणी घ्या, सेन्सरचे फक्त टोक बुडवा, दोन पायांना मीटर लावून ओहम पाहा. एका तारेचा असेल तर एक तार पायाला आणि दुसरी त्याच्या धातूच्या अंगाला लावा. मग पातेले चुलीवर ठेवा. पाणी तापत जाईल तसा आकडा सारखा उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली, अडकला किंवा हललाच नाही, तर सेन्सर गेला. त्या पातेल्यात नंतर चहा करू नका, एवढे मात्र सांभाळा.

खरेच तापत असेल तर

सेन्सर चांगला ठरला, म्हणजे गाडी खरेच तापते आहे. मग ती केव्हा तापते ते नीट आठवा. वैद्य जसा ताप केव्हा येतो ते विचारतो, तसे हे आहे.

बाजारात, फाटकाजवळ उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की निवते : पंखा पाहा. विजेचा असेल तर मोटर, फ्यूज, रिले. पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्टा ढिला पडला असेल.

उभी असताना ठीक, पण वेगात किंवा घाटात भार घेतला की तापते : रेडिएटर चोंदला असेल, पाणी कमी असेल किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील. रेडिएटर आतून क्षाराने चोंदतो आणि बाहेरून भुशाने. मळणीच्या दिवसांत, कापसाच्या किंवा उसाच्या हंगामात जाळीवर काय साचते ते एकदा बघाच. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात आणि वाराच बंद होतो.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, वरची जाड नळी मात्र गारच : थर्मोस्टॅट बंद अडकला आहे.

पाणी कमी होते पण जमिनीवर थेंब नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, मागून पांढरा धूर, तेल दह्याच्या ताकासारखे पांढुरके : हेडचे गॅस्केट गेले. गाडी चालवू नका.

इथे दोन गावठी इलाजांबद्दल बोललेच पाहिजे. पहिला, थर्मोस्टॅट काढून फेकणे. 'आपल्याकडे ऊन आहे, त्याची गरज काय' असे सांगतात. दारे धरणारा गडीच काढून टाकला तर पाणी हवे तिकडे जाईल का? इंजिन कायम गार राहून इंधन जास्त खाते आणि झिजते, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर चुकवून दुसऱ्या वाटेने फिरते आणि गाडी अधिकच तापते. दुसरा इलाज, पंखा डायरेक्ट करणे. म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू. रात्री-अपरात्री घरी पोचण्यापुरता हा इलाज वाईट नाही. पण तोच कायम ठेवला तर मूळ दोष झाकून जातो, पंखा लवकर झिजतो, आणि तो बंद पडेल त्या दिवशी तुम्हाला कळणारही नाही.

पाणी कोणते घालावे?

घरच्या बंबाच्या आत हात घालून बघा. बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर तिथे जमतो, तोच रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत जमतो. म्हणून अडचणीच्या वेळी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले तरी नंतर ते काढून टाका, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात त्याच पुस्तकातल्या प्रमाणात मिसळून भरा. तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात आणखी पाणी नको. कूलंट हे थंडीच्या देशांसाठीच असते हा गैरसमज आहे. ते गंज थोपवते आणि पाण्याचा उकळबिंदूही वाढवते. पुष्कळ कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर आणि विषारी आहे. गळलेले किंवा काढलेले कूलंट गोठ्याजवळ, कुत्र्यापुढे, मुलांच्या हाताशी उघडे ठेवू नका. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरू नका.

आता पत्रलेखक बंधूंना सांगायचे ते असे. सेन्सर नवा बसवला, चांगले झाले. पण सेन्सरने पाणी प्याले नव्हते. ते कुठे गेले, हे शोधल्याशिवाय त्या घाटात गाडी घालू नका. मिस्त्रीला सांगून गार इंजिनावर रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन बघा. दाब टिकत नसेल तर थेंब कुठून येतो ते दिसेल : नळीची चीर, पंपाखालचे छिद्र, किंवा रेडिएटरचा सांधा. झाकणाचा दाब स्वतंत्र तपासा, झाकण स्वस्त असते. हेड घासून सरळ केले असेल तर नवे गॅस्केट बसवल्यावर पाणी भरताना हवा नीट काढली आहे ना, तेही विचारा. आत हवेचा फुगा अडकला तर सेन्सर पुन्हा उघडा पडेल आणि काटा पुन्हा तसाच खोटा दिलासा देईल.

आणि चिरंजीवांवर रागावू नका. त्या रात्री त्यांच्या जागी कोणीही असता तर गाडी तशीच दामटली असती. फक्त पुढच्या वेळी, बाळाला घेऊन आजोळी निघाल, तेव्हा निघण्यापूर्वी गार गाडीचे झाकण उघडून एकदा पाणी बघा. दोन मिनिटांचे काम आहे. घरात जो कोणी सर्वांत आधी उठतो त्याच्याकडे ते सोपवा. नातीला आमचे आशीर्वाद सांगा.